माणूस शेवटी

"काय भिंगरे, आज तरी बूड टेकणार काय?"

गंगावेशीत पाऊल टाकताच मगदूम सरांनी मला विचारलं. मी म्हटलं, टेकलंय की सर. आणि खरंच मी माझ्या घडीच्या स्टुलावर बसलेली होते. सरांनी स्टुलाकडे बघितलं, मग माझ्या डाव्या पायाकडे. तो शिवणयंत्रावर असल्यासारखा आपला हलतच होता. एरवी सर हसले असते. त्या दिवशी नुसतेच पुढे गेले, कारण त्यांच्या मागून त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, येत होत्या आणि काकूंचा हात धरून त्यांची मुलगी पद्मजाताई.

थंडीतली रविवारची सकाळ होती. दूध कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. बाहेरगावच्या माणसाला हे सांगावं लागतं, की कोल्हापुरात म्हैसच गिऱ्हाइकासमोर आणून उभी करतात. धार काढून पेला हातात देतात आणि लोक उभ्या उभ्या ते फेसाळ दूध पिऊन, ओठ पुसत वाटेला लागतात. चित्र काढायला याहून अवघड जागा नसेल. म्हैस लांबून स्वस्थ दिसते, पण तिचं शेपूट, कान, पाठीवरची कातडी, काहीतरी सारखं हलत असतं. मला ती जागा त्यासाठीच आवडायची.

सरांनी काकूंना एका बंद भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसवलं. म्हणाले, "इंदू, इथं बस. ही सगळी तुझं चित्र काढणार आहेत. हलायचं न्हाई."

काकूंनी चपला काढून पायरीखाली जोडीनं ठेवल्या, कापडी पिशवी शेजारी ठेवली, मोरपंखी साडीचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेतला आणि देवळात बसल्यासारख्या बसल्या. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, तुझं लग्न झालं का गं? हा प्रश्न त्या मला दर रविवारी विचारायच्या. मी दर रविवारी नाही म्हणायची आणि त्या दर रविवारी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या हळहळायच्या. आम्ही समजायचो, वयस्कर बायकांना दुसरा विषय नसतो.

आमचं रविवारचं मंडळ म्हणजे आठ-दहा जण. सर शाळेतून ड्रॉइंग मास्तर म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी आम्हाला गोळा केलं. विमा कंपनीतले बुधले, उर्दू शाळेतल्या मुजावर बाई, आणखी काही जण, आणि मी. दर रविवारी गावातली एक जागा धरायची, तासभर बसून चित्र काढायचं, मग सगळे कागद भिंतीशी ओळीनं मांडायचे आणि चहा प्यायचा. सरांचे नियम कडक होते. रबर आणायचा नाही. सर टाळी वाजवेपर्यंत जागा सोडायची नाही. हा दुसरा नियम माझ्यासाठीच केलाय असं बुधले म्हणायचे, आणि तो सगळ्यांत जास्त वेळा मीच मोडला होता.

आणि माणूस शेवटी. हा नियम आदल्या दिवाळीपासून सुरू झाला. त्याआधी रस्त्यातला कुणीही आम्ही कागदावर घ्यायचो, हमाल, पेपरवाला, झोपलेलं कुत्रंसुद्धा. दिवाळीनंतर सर म्हणाले, आता प्रत्येक चित्रात एकच माणूस, आणि तो म्हणजे काकू. आधी दुकानं, तारा, खांब, झाडं, सगळं उतरवायचं, आणि काकू अगदी शेवटी. मुंबईच्या कलाशाळेत शिकलेला एक मुलगा दोनेक रविवार येऊन गेला. त्यानं सांगून बघितलं की सर, सगळीकडे माणूस आधी टाकतात, म्हणजे इमारतीची उंची चुकत नाही. सर म्हणाले, "चुकू दे. इमारत चुकली म्हणून पडत न्हाई."

म्हाताऱ्याची हौस, असं म्हणून आम्ही सोडून दिलं. बिंदू चौकात काकू, रंकाळ्यावर काकू, जुन्या राजवाड्याच्या कमानीखाली काकू. बुधले म्हणायचे, आपण कोल्हापूर काढतच नाही, आपण काकू काढतो, गाव आपलं हौसेनं मागं उभं राहतंय.

पद्मजाताई का आल्या होत्या ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, कारण मीच ते गावभर केलं होतं. शुक्रवारी मी सरांच्या घरी ड्रॉइंग बोर्ड परत द्यायला गेले. आतून चढे आवाज येत होते. शहाण्या माणसानं बोर्ड दाराला टेकवून परत फिरावं, पण माझे पाय कधी माझं ऐकत नाहीत. मी आत गेले आणि पद्मजाताईंनी मला न्यायाधीश असल्यासारखं समोर बसवून घेतलं.

त्या पुण्यात बँकेत मोठ्या हुद्द्यावर होत्या. सरांची एकुलती एक. आमच्याकडे बायकाही "मी आलो, मी गेलो" म्हणतात, ताई पुण्यात राहून "आले, गेले" म्हणायला लागल्या होत्या. त्या सांगत होत्या की आईला विसरायला होतं. गॅस तसाच चालू राहतो. मागच्या महिन्यात तिनं शेजारणीला ओळखलं नाही. आप्पा स्वतः सत्तरीला आलेले, ते एकटे कुठवर पुरे पडणार? पुण्यात आठव्या मजल्यावर त्यांच्यासाठी खोली तयार आहे, डॉक्टर जवळ आहेत, दिवसभराची बाई ठेवता येईल. सर खिडकीत पाठ करून उभे होते. ते एवढंच म्हणाले, की ती जरा विसरते, कोण विसरत नाही? आणि आठव्या मजल्यावर बसून मी कशाचं चित्र काढू, ढगांचं?

"आणि रविवारी?" ताईंनी विचारलं. "रविवारी तुम्ही चित्र काढत बसता तेव्हा आईकडे कोण बघतं?"

"रविवारी मंडळ असतं," सर म्हणाले.

मला वाटलं, सरांनी प्रश्न टोलवला. ताईंनाही तसंच वाटलं असणार. शेवटी असं ठरलं की ताई रविवारपर्यंत राहतील, मंडळाबरोबर येतील आणि आई बाहेर कशी राहते ते डोळ्यांनी बघतील. सगळं नीट दिसलं तर वर्षभर विषय काढणार नाहीत. काही वावगं दिसलं तर सामान बांधायचं. सर वळले आणि म्हणाले, "ये की. ये आणि बघ."

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. दोन नोकऱ्या सोडलेल्या, एक कोर्स अर्धवट टाकलेला आणि एक ठरलेलं लग्न मोडलेलं, तेही मीच. घरात सगळे म्हणायचे, हिच्या पायाला भिंगरी लागलीय. ते सरांच्या कानावर गेलं आणि सरांनी माझं नावच भिंगरी ठेवलं. पण इतरांसारखं त्यांनी मला सोडून दिलं नाही. दर रविवारी मी उठून हिंडायची, दर रविवारी ते रागवायचे आणि पुढच्या रविवारी माझी जागा धरून ठेवायचे. आठवड्यातला तो एकच तास असा होता की ज्यात मी स्वस्थ बसायचा निदान प्रयत्न तरी करायची. सर पुण्याला गेले की मंडळ मोडणार आणि मंडळ मोडलं की मी पुन्हा वाऱ्यावर. सरळ सांगायचं तर मी घाबरले होते.

म्हणून शनिवारी बुधल्यांनी युक्ती काढली तेव्हा मी सगळ्यांत आधी मान हलवली. युक्ती साधी होती. उद्याच्या दिवस नियम बाजूला ठेवायचा. काकूंना आधी काढायचं, सावकाश, मन लावून. शेवटी काढायचं म्हणजे टाळी व्हायची वेळ येते, आणि घाईघाईत काकूंचा नुसता मोरपंखी ठिपका होतो. उद्या लेक बघणार आहे. प्रत्येक कागदावर तिची आई अशी झकास बसलेली दिसली पाहिजे की तिनं म्हणावं, हिला इथून कशाला हलवायचं? मुजावर बाईंनी विचारलं, सरांना कळलं तर? बुधले म्हणाले, सर उद्या आपल्या कागदाकडं बघणारच न्हाईत, लेकीच्या तोंडाकडं बघणार.

तसंच झालं. सर समोरच्या कडेला बसले, मांडीवर बोर्ड घेऊन. ताई त्यांच्याशी बोलायला म्हणून त्यांच्याकडे तोंड करून बसल्या, त्यामुळे पायरी त्यांच्या पाठीला आली. सुरुवातीला त्या मधूनमधून वळून बघत होत्या. काकू हलल्या नाहीत. नुसत्या समोर बघत शांत बसल्या होत्या. आम्ही सगळ्यांनी त्यांना काढलं आणि खरं सांगते, इतक्या रविवारांत काकू इतक्या सुंदर कुणाच्याच कागदावर आल्या नव्हत्या. मला तर त्यांच्या डाव्या खांद्याचा उतार पहिल्याच रेघेत मिळाला. तो खांदा जरा खाली असायचा, आयुष्यभर त्याच हातानं पिशव्या उचलल्यामुळे असेल.

काकू झाल्या आणि सगळे म्हशींकडे वळले. म्हशी काढायला लागल्यावर मग कुणाला काही सुचत नाही. एकीचं शेपूट धरावं तर दुसरी मान वळवते. बुधले तोंडातल्या तोंडात म्हशीला शिव्या देत होते. ऊन दुकानांच्या पाट्यांवरून खाली उतरायला लागलं. धारा आटोपल्या आणि गवळ्यांनी बऱ्याच म्हशी सोडल्या. आणि माझ्या पायांनी उचल खाल्ली.

मी स्वतःला पुष्कळ बजावलं. आज नको, आज तरी नको. पण पोटऱ्यांत मुंग्या आल्या की माझं काही चालत नाही. उठले. सर रागावणार म्हणून त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांची मान बोर्डात आणि ताई त्यांना काहीतरी समजावत होत्या. मग मी बुधल्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. त्यांच्या कागदावर काकू पायरीवर बसल्या होत्या. मुजावर बाईंच्या कागदावर काकूंच्या बांगड्यासुद्धा दिसत होत्या. त्यापलीकडच्या कागदावर काकू, त्यापलीकडे काकू. इतक्या ठिकाणी त्यांना बघितल्यावर मला वाटलं, जरा खऱ्या काकूंना बघावं, आणि मी मान वर केली.

पायरी रिकामी होती. खाली चपलांची जोडी होती, वर पिशवी होती. काकू नव्हत्या.

आणि कुणालाही कळलेलं नव्हतं. सगळ्यांच्या नजरा मधूनमधून त्या बाजूला जात होत्या, दुकानाची फळी बघायला, खांब बघायला. पण काकू तर कागदावर बसल्याच होत्या, आणि चपला जाग्यावर होत्या. चित्र काढणाऱ्याचं असंच असतं. एखादी गोष्ट एकदा कागदावर उतरली की तिच्याकडे बघणं संपतं.

मी ओरडायला तोंड उघडलं. समोर ताईंची पाठ होती. त्यांनी फक्त मान वळवायचा अवकाश होता. ओरडले असते तर सगळ्यांनी चारी दिशांना धाव घेतली असती, आणि सरांचं कोल्हापूर तिथंच संपलं असतं. मी तोंड मिटलं. जवळच असेल, आत्ता घेऊन येते, असं स्वतःला सांगितलं आणि मुकाट्यानं सटकले.

कट्ट्यावर एक गवळी चरवी धूत होता. त्याला विचारलं. तो म्हणाला, "त्या मोरपंखी साडीच्या व्हय? म्हशींच्या मागनं गेल्या की. नदीकडं. अनवाणीच हुत्या."

नदी म्हटल्यावर मी तशीच धावत सुटले. गंगावेशीतून पंचगंगेच्या घाटाकडे जाणारा रस्ता तेव्हा आत्तापेक्षा अरुंद होता आणि त्या वेळी तो म्हशींनी भरला होता. माझ्यापुढे नुसत्या काळ्या पाठी आणि हलणारी शेपटं. वाट देतील तर शपथ. मी डावीकडून घुसावं तर एक म्हैस डावीकडे सरकायची, उजवीकडून जावं तर भिंतीशी चेपायची. एकीच्या शिंगात ओढणी अडकली ती तशीच सोडून दिली. घाटाच्या खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, हे काही केल्या डोक्यातून जाईना. परत फिरावं आणि ओरडून सगळ्यांना बोलवावं असं वाटे, आणि परत फिरण्यात जाईल तेवढ्या वेळात पुढे काही झालं तर, असंही वाटे. जन्मभर पाय हलवत राहिले होते, पण कुठल्या बाजूला हलवायचे ते कळत नाही अशी वेळ त्याआधी आली नव्हती.

रस्ता उताराला लागला तिथं म्हशी जरा पांगल्या, आणि मला लांबवर एक पाठ दिसली. साडी उन्हात धड मोरपंखी दिसत नव्हती, डोक्यावरून पदर घेतला होता, आजूबाजूला नदीवर निघालेल्या आणखी चार बायका होत्या. पण डावा खांदा खाली होता. ती पाठ मी इतक्या वेळा काढली होती की झोपेतही ओळखली असती. मी धावत जाऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. मला धाप लागली होती आणि रडूही येत होतं.

काकूंनी मला बघितलं आणि त्या हसल्या. मी विचारलं, कुठं चाललाय काकू?

"पद्माची शाळा सुटंल आता," काकू म्हणाल्या. "तिला आणायला चाललोय. उशीर झाला की रडती ती."

"काकू, पद्मा तिकडं आलीय. गंगावेशीत. तुमची वाट बघत बसलीय."

काकूंनी विचार केला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिथं न्हाई. तिथं एक मोठी बाई बसलीय, पुण्याची. मास्तरांशी भांडालीय. माझी पद्मा भांडत न्हाई."

मी म्हटलं, त्या बाईंनीच पद्माला शाळेतून आणलंय. हे त्यांना पटलं. त्यांनी माझा हात धरला आणि आम्ही परत निघालो. त्या पावलोपावली थांबत होत्या, एका दारातली तुळस बघायला, एका घरातून येणाऱ्या फोडणीच्या वासाला. मी आतल्या आत जळत होते, पण हात इतका घट्ट धरलेला, की मला पळता येईना की ओढता येईना.

आम्ही गंगावेशीत शिरलो तेव्हा सगळं जसंच्या तसं होतं. खाली घातलेल्या माना, बोर्डावर चाललेले हात, ताईंची पाठ. कुणी वर बघितलं नाही. मी काकूंना पायरीवर बसवलं. त्यांनी हात सोडला नाही, म्हणून मीही त्यांच्या शेजारी बसले. तेवढ्यात समोर सरांनी मान वर केली. त्यांनी काकूंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, त्यांना चक्कर येतेय. मग त्यांनी टाळी वाजवली.

कागद भिंतीशी ओळीनं मांडले गेले. पद्मजाताई एकेका कागदापुढे थांबत पुढे सरकत होत्या. आई, आई, सगळीकडे आई. ताईंचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, मला वाटलं नव्हतं ती इतका वेळ इतकी शांत बसू शकते. घरात तर मला तिला दोन मिनिटं एका जागी बसवता येत नाही. आप्पा, कदाचित मीच घाई करतेय. बुधल्यांनी माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला. आम्ही जिंकलो होतो.

शेवटचा कागद सरांचा होता. भांड्यांचं दुकान, फळ्या, खांब, तारा, म्हशी, सगळं सरांच्या त्या बारीक, नेमक्या रेघेत. आणि पायरी. पायरीखाली चपलांची जोडी, वर पिशवी. बाकी काही नाही.

"आप्पा, यात आई कुठाय?" ताईंनी विचारलं.

बुधले पटकन मध्ये पडले. म्हणाले, ताई, सर माणूस शेवटी काढतात, तो मंडळाचा नियमच आहे, आज वेळ पुरला नसेल. त्यात खोटं काहीच नव्हतं. सरांनी नुसती मान हलवायची होती. ताईंचा विश्वास बसलाच होता. मी पायरीवरून सरांकडे बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, हलवा मान.

"ती तिथं न्हवती," सर म्हणाले.

सर वाकले आणि इतरांचे कागद बघू लागले. मग त्यांनी बोट दाखवलं. म्हणाले, "तुम्ही सगळ्यांनी हिला आधी काढलंय. सावल्या बघा. हिच्यावर सकाळची सावली हाय आणि दुकानावर आत्ताची." आवाजात राग नव्हता. "अरे, शेवटी काढायचं असलं की शेवटपर्यंत बघावं लागतं. तेवढ्यासाठी नियम होता. तुम्ही सगळी हिच्याकडं बघत असला की मला एक तास कागदाकडं बघता येतं."

मुजावर बाईंनी तोंडाला पदर लावला. बुधले जमिनीकडे बघत राहिले. शुक्रवारी सरांनी ताईंना दिलेलं उत्तर माझ्या डोक्यात आत्ता कुठे शिरलं. रविवारी मंडळ असतं.

"सांगायचं होतं आम्हाला," बुधले म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही तिला बघितलं नसतं, राखलं असतं. माणसाला कळतं ते. तिलाबी कळलं असतं."

मग ते ताईंकडे वळले. पुढचं त्यांनी ताईंनाच सांगितलं, आम्ही तिथं नसल्यासारखं. म्हणाले, "मान वर केली तर पायरी रिकामी. उठणार होतो. पण तू समोर होतीस. तेवढ्यात ह्या भिंगरीचं स्टूल रिकामं दिसलं. म्हटलं, गेली असंल हिच्या मागनं. माहीत न्हवतं मला, नुसतं वाटलं. तेवढ्यावर बसून राहिलो. बायको कुठं गेली ठाऊक न्हाई, आणि मी तिच्या चपला काढत बसलो, पद्मा. का, तर माझं गाव सुटू नये म्हणून. आता न्हाई. कधी निघायचं ते तू सांग."

पद्मजाताई पायरीकडे आल्या. काकूंनी त्यांच्याकडे बघून नम्रपणे जरा सरकून जागा दिली, परक्या बाईला देतात तशी. ताई बसल्या नाहीत. त्यांनी वाकून चपला उचलल्या आणि आईच्या धुळीनं भरलेल्या पायांत एकेक करून घातल्या. मग परत जाऊन सरांचा कागद उचलून त्यांच्या हातात दिला.

"पुरं करा, आप्पा," त्या म्हणाल्या. "तुम्ही काढा. मी बघतो तिच्याकडं."

सर स्टुलावर बसले. ताई त्यांच्या खांद्याशी उभ्या राहिल्या आणि आईवर नजर लावून राहिल्या. बुधले, मुजावर बाई, सगळेच उभे राहून बघायला लागले. मला वाटलं, आता आपण चित्रातून बाजूला व्हावं. उठायला लागले तर काकूंचा हात सुटेना.

"बस भिंगरे," सर म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे वळून विचारलं, तुझं लग्न झालं का गं? मी म्हटलं, नाही काकू.

"मग बस की. कशाची घाई हाय?"

सरांनी त्या दिवशी फार वेळ घेतला. ऊन पायरीवर आलं, दुकानवाला येऊन किल्ली हातात घेऊन थांबला, चहा राहूनच गेला. त्या आठवड्यात सर आणि काकू पुण्याला गेले. जाताना सरांनी तो कागद माझ्याकडे दिला.

मंडळ मोडलं नाही. मीच मोडू दिलं नाही. बुधले आता नाहीत, नव्या मुलांना मी रबरही आणू देते, पण माणूस शेवटीच काढायचा, आणि का ते पहिल्याच दिवशी सांगते. सरांचा कागद माझ्या घरात समोरच्या भिंतीवर आहे. येणारे जाणारे विचारतात, त्या म्हातारीच्या शेजारी एवढी शांत बसलेली ती मुलगी कोण? मी म्हणते, मी. ओळखणाऱ्यांपैकी कुणाचाही विश्वास बसत नाही. मग मी त्यांना जवळ नेऊन दाखवते. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले आहेत.